घराची खरेदी व नोंदणीचा खर्च

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं दोन्ही खर्च सोसूनच केली असावी. त्यांच्या काळीं घर बहुधा स्वतः बांधावें लागे. हल्लीं शेतकऱ्याच्या मुलांपैकीं एखादा शिकून नोकरीस लागतो, भाऊ वेगळे निघतात, जुना वाडा वांटणींत अपुरा पडतो, आणि मग गांवांत किंवा बाजारपेठेच्या ठिकाणीं तयार घर अथवा घरापुरती जागा विकत घेण्याचा प्रसंग येतो. अशा वेळीं विकणाऱ्याशीं दहा-पांच हजारांसाठीं चार बैठका होतात; भिंतीची जाडी, पाण्याची सोय, दाराची दिशा, सारें निरखून पाहिलें जातें. परंतु खरेदीखतास मुद्रांक किती लागेल, नोंदणीची फी किती, आणि सरकारदप्तरीं नांव चढेपर्यंत आणखी काय पडेल, ह्याचा हिशेब मात्र विसार देऊन झाल्यावर होतो. तो आंकडा ऐकून खरेदीदार दचकतो, आणि त्या दचकण्यांतूनच पुढील अनर्थास सुरुवात होते. त्यासंबंधीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय सुचण्याचें कारण आमच्या दाराशींच आहे. सायखेडा हें निफाड तालुक्यांतील गोदाकांठचें बाजाराचें गांव. पिंपळगांव बसवंत येथील बाजार समितीचा उपबाजार येथें असल्यानें भोंवतालच्या गांवांचा कांदा येथें उतरतो, आणि बाजाराबरोबर घराजागांची मागणीहि वाढत जाते. परंतु जी गोदावरी शेतास पाणी देते तीच घरास धोका देते. वरच्या अंगास गंगापूर व दारणा हीं धरणें, खालच्या अंगास नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. पाऊस जोरानें लागून धरणांतून पाणी सोडावें लागलें कीं सायखेडा व पलीकडचें चांदोरी ह्या दोन्ही गांवांत नदी शिरते आणि मधला पूल पाण्याखालीं जातो. २०१६ व २०१९ ह्या दोन्ही सालच्या ऑगस्ट महिन्यांत हा प्रकार झाला. संसार डोक्यावर घेऊन उंचवट्याकडे निघालेलीं कुटुंबें कांठच्या लोकांनीं पाहिलीं आहेत. अशा कुटुंबास पूररेषेच्या वर एखादें लहानसें घर घ्यावेंसें वाटलें तर ती चैन नव्हे, गरज होय. सबब घरखरेदीच्या खर्चाचा प्रश्न आमच्या भागांत केवळ हौसेचा नसून जिवाच्या सुरक्षिततेचा आहे.

आतां असें कुटुंब घर कसें घेतें तें पाहूं. कांद्याचे पैसे, सोसायटीचें कर्ज, घरच्या लक्ष्मीचे दोन दागिने मिळून किंमत कशीबशी जमते. नोंदणीचा लाख-सव्वा लाख मात्र जमत नाहीं. मग कोणीतरी जाणता भेटतो आणि सांगतो, ‘‘आप्पा, एवढा पैसा सरकारांत कशाला घालतां? पांचशेंच्या मुद्रांकावर लिहून घ्या, नोटरीचा शिक्का मारा, दोन साक्षीदार घाला आणि ताबा घ्या. घर तुमचेंच झालें. खरेदीखत पुढें सवडीनें करूं.’’ ही सवड सहसा येत नाहीं. विकणारा भला असला तरी तो अमर नसतो. त्याच्या मागें मुलांचीं मनें बदलतात, मुली आपला हिस्सा मागतात, जागेचा भाव तिप्पट होतो, आणि सवडीच्या जागीं कोर्टाची तारीख येते. चार आण्यांची कोंबडी व बारा आण्यांचा मसाला, असें नोंदणीच्या खर्चास हिणवणारा मनुष्य मग वकिलाच्या ओट्यावर बसून त्याच्या कैक पट खर्च निमूटपणें करतो.

कायदा ह्या बाबतींत मुळींच संदिग्ध नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणें शंभर रुपये वा त्याहून अधिक किंमतीच्या घराजमिनीची विक्री नोंदलेल्या दस्तानेंच होते. १९०८ च्या नोंदणी कायद्याचें १७ वें कलम असा दस्त नोंदविणें सक्तीचें करतें, व ४९ वें कलम सांगतें कीं न नोंदलेल्या दस्तानें मालकी मिळत नाहीं. नोटरीचा शिक्का कागदावर सही कोणी केली एवढें सांगतो. घर कोणाचें झालें हें तो सांगूं शकत नाहीं. साठेखत हा विकण्याचा करार होय, विक्री नव्हे. मुखत्यारपत्र घेऊन व्यवहार पुरा झाला असें मानण्याची जी रीत मोठ्या शहरांत पडली होती, तिलाहि सर्वोच्च न्यायालयानें सूरज लँपच्या खटल्यांत ११ ऑक्टोबर २०११ रोजीं स्पष्ट नकार दिला. शिवाय ज्या साठेखतानें ताबा दिला जातो त्यास आपल्या राज्याच्या मुद्रांक कायद्याप्रमाणें खरेदीखताइतकाच मुद्रांक लागतो. म्हणजे ज्या खर्चाच्या भीतीनें आडवाट धरली तो खर्च चुकत नाहींच. उलट कमी पडलेल्या मुद्रांकावर दरमहा दोन टक्के दंड चढत राहतो, आणि कागद कोर्टांत दाखविण्याची वेळ आली कीं मूळ रक्कम व दंड दोन्ही एकदम मागितलीं जातात.

गोदाकांठच्या मनुष्यास तर नोंदणीचा आणखी एक गुण सहज पटावा. घरांत पाणी शिरलें कीं धान्याबरोबर कागदहि भिजतात. नोंदलेल्या खरेदीखताची नक्कल सरकारच्या दप्तरांत राहते. मूळ कागद नदींत वाहून गेला तरी दुय्यम निबंधकाकडे अर्ज करून त्याची प्रमाणित प्रत मिळते, आणि दस्ताचा गोषवारा, ज्यास सूची क्रमांक दोन म्हणतात, तोहि काढतां येतो. नोटरीच्या वहींत फार तर नोंदीची एक ओळ असेल. मजकुराची प्रत तेथें मिळेल ह्याची खात्री नाहीं. ट्रंकेंतला तो एकच कागद चिखल झाला कीं घर विकत घेतल्याचा पुरावा शेजाऱ्यांच्या तोंडीं उरतो, आणि शेजारी सर्व काळ मित्रच राहतो असें नाहीं. नुकसानीच्या मदतीचा किंवा पुनर्वसनाचा प्रसंग आला म्हणजे घर कोणाच्या नांवें आहे, हा प्रश्न आल्यावांचून राहत नाहीं.

दुसराहि धोका लक्षांत ठेवावा. नोटरीच्या कागदावर घर विकणारा तेंच घर उद्यां दुसऱ्यास नोंदणीकृत खरेदीखतानें विकूं शकतो. आणि नोंदणी कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणें नोंदलेला दस्त हा न नोंदलेल्या दस्तावर वरचढ ठरतो. आधीं पैसे देणारा मागें पडतो, मागाहून येणारा पुढें जातो. अशा घरावर बँक कर्ज देत नाहीं, आणि तें विकावयास काढलें तर जाणता गिऱ्हाईक निम्म्या भावानें मागतो. वांचविलेला लाख रुपया घराच्या किंमतींतूनच वजा होतो तो असा.

कागदाच्या पायीं शेतकरी नाडला गेल्याची कथा आपल्या प्रांतांत नवी नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चालून गेले आणि तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. त्या दंग्यांत जमावाचा रोख विशेषेंकरून कर्जरोख्यांवर होता. रोखे हातीं आले कीं ते जाळले जात. न वाचतां उठविलेल्या अंगठ्यानें जमिनी गेल्या होत्या, त्याचा तो संताप होता. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यांत पुणें, सातारा, सोलापूर व तेव्हांचा अहमदनगर ह्या जिल्ह्यांसाठीं गांवनिबंधकांची योजना होती. शेतकऱ्यानें करून द्यावयाचा दस्त ह्या गांवनिबंधकाच्या देखरेखीखालीं लिहिला जावा व त्याच्याकडे नोंदला जावा, असा तिचा हेतु होता. तो कायदा आतां राहिला नाहीं. पण त्यामागचा विचार आजहि खरा आहे. अडाणी किंवा अडलेल्या मनुष्याचें रक्षण कागदाची होळी करून होत नाहीं, तर योग्य कागद योग्य ठिकाणीं व त्यास परवडेल अशा खर्चांत होण्यानें होतें. ‘परवडेल अशा खर्चांत’ हे शब्द आम्हीं मुद्दाम लिहिले आहेत. त्यांकडे पुढें वळूं.

प्रथम खर्चाचा हिशेब मांडूं. मुद्रांक शुल्क हें किंमतीवर टक्केवारीनें लागतें. ग्रामपंचायतीच्या हद्दींत जिल्हा परिषदेचा एक टक्का अधिभार धरून तें साधारण पांच टक्के पडतें. नगरपालिका व महानगरपालिकांच्या हद्दींत त्याहून अधिक. नेमका दर व्यवहारापूर्वीं निबंधकाच्या कचेरींत विचारून घ्यावा. किंमत म्हणजे खरेदीखतांत लिहिलेली, किंवा सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणें निघणारी, ह्यांतली जी जास्त ती. हे तक्ते दर १ एप्रिल रोजीं प्रसिद्ध होतात. दोन वर्षें स्थिर ठेवल्यावर २०२५ च्या एप्रिलपासून त्यांत राज्यभर सरासरीनें चार टक्क्यांच्या आसपास वाढ झाली. नोंदणीची फी किंमतीच्या एक टक्का, पण तीस हजारांहून अधिक नाहीं. समजा, सायखेड्यांत वीस लाखांचें घर घ्यावयाचें आहे. मुद्रांक एक लाख, फी वीस हजार, मिळून एक लाख वीस हजार. शिवाय वकिलाचा शोध, मसुदा, पानागणिक हाताळणीचा आकार हे निराळे. कांद्याचा भाव क्विंटलास बाराशें धरला तर ही शंभर क्विंटल कांद्याची रक्कम झाली, म्हणजे बऱ्या पिकलेल्या एका एकराचा उन्हाळ कांदा. तो लहान खर्च नव्हे हें आम्ही जाणतों. परंतु वीस लाखांच्या घरास एकवीस लाख वीस हजार लागणार, हें जो आधीं जाणतो तो विकणाऱ्याशीं त्याच हिशेबानें सौदा करतो. जो जाणत नाहीं तो सारी पुंजी किंमतींत घालवून शेवटीं आडवाटेस लागतो. तेव्हां नोंदणीचा खर्च हा किंमतीच्या वरचा भार न समजतां किंमतीचाच भाग समजावा, एवढें आमचें शेतकरी बंधूंस सांगणें आहे.

हा खर्च न्याय्य मार्गानें कमी करण्याच्याहि कांहीं वाटा आहेत, त्या पुष्कळांस ठाऊक नसतात. १ एप्रिल २०२१ पासून राहतें घर स्त्रीच्या नांवें घेतल्यास मुद्रांक शुल्कांत एक टक्क्याची सवलत आहे. तें घर पंधरा वर्षें पुरुषास विकूं नये अशी आरंभीं जी अट होती ती २०२३ सालीं काढून टाकण्यांत आली. वरील उदाहरणांत ह्या एका गोष्टीनें वीस हजार वांचतात, आणि घरधनिणीच्या पायाखालीं हक्काची भूमि येते, हा लाभ निराळाच. बापाचें घर किंवा शेत मुलांमुलींस, नातवंडांस अथवा पतिपत्नींनीं परस्परांस बक्षीस द्यावयाचें असल्यास त्यावरील मुद्रांक २०१५ सालीं अवघा दोनशें रुपये करण्यांत आला. स्थानिक अधिभार मात्र निराळा. शेतजमिनीच्या वांटणीपत्रावरील नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें २०२५ च्या मे महिन्यांत घेतला. दोघां शेतकऱ्यांच्या जमिनींचा ताबा बारा वर्षांहून अधिक काळ परस्परांकडे असेल, तर ‘सलोखा’ योजनेखालीं हजार रुपये मुद्रांक व हजार रुपये फी भरून अदलाबदल नोंदवितां येते. ही योजना २०२३ च्या जानेवारींत सुरू झाली. असें असतां भावाभावांतील वांटणी तोंडीं ठेवणें किंवा साध्या कागदावर लिहिणें ह्यास आतां खर्चाची सबब राहिलेली नाहीं.

खर्च कमी करण्याची एक वाट मात्र खोटी आहे, ती म्हणजे खतांत किंमत कमी लिहिणें. मूल्यदर तक्ता असल्यानें तींत फारसा मुद्रांक वांचत नाहीं, आणि गांवाचें नुकसान मोठें होतें. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणें संपादनाचा मोबदला ठरवितांना आसपासच्या गत तीन वर्षांतील नोंदलेलीं खरेदीखतें पाहिलीं जातात, व त्यांतल्या अधिक किंमतीच्या निम्म्या खतांची सरासरी घेतली जाते. ज्या गांवानें वर्षानुवर्षें वीस लाखांचें बारा लाख लिहिलें त्याच्या हातीं मोबदल्याच्या वेळीं आपल्याच सहीचा बारा लाखांचा पुरावा राहतो. सुरत-चेन्नई महामार्गासाठीं जमिनी घेण्याचा प्रश्न निघाला तेव्हां नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं मोबदला अपुरा म्हणून हरकत घेतली. ती हरकत रास्तच होती. पण खरा भाव दाखविणारीं खतें ज्या गांवीं असतात त्या गांवाच्या हरकतीस बळ येतें, ही गोष्ट आम्ही सर्वांच्या नजरेस आणूं इच्छितों.

नोंदणी केली कीं सर्व झालें, असेंहि समजूं नये. आपल्याकडे सरकार दस्त नोंदतें. विकणाऱ्याची मालकी खरी आहे अशी हमी देत नाहीं. दक्षिण ऑस्ट्रेलियांत रॉबर्ट टॉरेन्स यांच्या प्रयत्नानें १८५८ सालीं जी पद्धति सुरू झाली तींत सरकारच्या वहींतील नोंद हीच मालकीची हमी असते. तशी पद्धति आपल्याकडे येईपर्यंत खरेदीदारानें मागील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध वकिलाकडून घेणें अवश्य आहे. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हा घरपट्टीच्या आकारणीचा कागद होय. तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. गांवठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका झाली असेल तर ती पाहावी. ड्रोननें गांवठाण मोजण्याचा प्रयोग प्रथम पुरंदर तालुक्यांतील सोनोरी येथें झाला, आणि २०२० सालीं ‘स्वामित्व’ ह्या नांवानें ही योजना देशभर निघाली. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत नोंदणीस हजर करावा. त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून मुभा असते, मग नाहीं. जागा सातबाऱ्यावरची असेल तर नोंदणीनंतर फेरफाराकडे लक्ष ठेवावें. निबंधकाकडून वर्दी गेल्यावर तलाठी, ज्यास हल्लीं ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तो नोंद लिहितो, संबंधितांस नोटीस निघते, हरकतीचे पंधरा दिवस जातात व मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. घराची नोंद ग्रामपंचायतींतहि अर्ज करून बदलून घ्यावी.

येथवर आम्हीं शेतकऱ्याचें कर्तव्य सांगितलें. आतां सरकारचें सांगतों. कारण नोटरीच्या कागदांचा दोष सर्वस्वीं खरेदीदारावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. पुष्कळांस तर नोंदणीची वाटच बंद होती. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानें शेताचे लहान तुकडे विकण्यास मनाई केली. हेतु शेती टिकावी हा होता. पण गांवठाण वाढलें नाहीं आणि माणसें वाढलीं, तेव्हां गुंठा-दोन गुंठ्यांच्या घरजागा कागदावर न येतां हातोहात विकल्या गेल्या. २०२३ च्या ऑगस्टांत बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणक्षेत्र जिरायतास वीस गुंठे व बागायतास दहा गुंठे असें कमी केलें, तरी घरजागेचा प्रश्न त्यानें सुटला नाहीं. अखेर २०२५ च्या नोव्हेंबरांत अध्यादेश काढून रहिवासी वगैरे वापराच्या क्षेत्रांतील १९६५ ते २०२४ पर्यंतचे तुकड्यांचे व्यवहार शुल्क न घेतां नियमित करण्याची वाट मोकळी करण्यांत आली. ही गोष्ट चांगली झाली. परंतु तेवढ्यानें नोटरीचा कागद आपोआप खरेदीखत होत नाहीं. मुद्रांक भरून दस्त नोंदवावाच लागतो. दार उघडलें, पण उंबरठ्याची उंची तीच राहिली.

ह्या उंबरठ्याची घडणच आम्हांस उलटी वाटते. वीस लाखांच्या घरास व दोन कोटींच्या घरास त्याच हद्दींत मुद्रांकाचा दर एकच. नोंदणीच्या फीचें तर ह्याहून विपरीत आहे. तीस लाखांचें घर घेणारा तीस हजार भरतो, म्हणजे शेंकडा एक. तीन कोटींचा बंगला घेणाराहि तीस हजारच भरतो, म्हणजे शेंकडा दहा पैसे. मर्यादेचा लाभ मोठ्यास, पुरा भार लहानास, हा न्याय कोणत्या तत्त्वावर केला असावा तें आम्हांस कळत नाहीं. इंग्लंडांत राहत्या घरावर असाच कर आहे, पण तो पायऱ्यापायऱ्यांनीं आहे. तेथें एप्रिल २०२५ पासून किंमतीच्या पहिल्या सव्वा लाख पौंडांवर कांहीं घेत नाहींत, पुढच्या सव्वा लाखावर दोन टक्के, त्यापुढें पांच, असा तो चढत जातो. आपल्याकडे शेताच्या पाणीपट्टींत किंवा विजेच्या आकारांत पायऱ्या समजणाऱ्या सरकारास घराच्या मुद्रांकांत त्या समजूं नयेत, असें नाहीं.

शिवाय हा खर्च रोख उभा करावा लागतो. रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालीं बँकांस असें सांगितलें कीं कर्जासाठीं घराची किंमत धरतांना मुद्रांक व नोंदणीचा खर्च तींत मिळवूं नये. २०१५ सालीं दहा लाखांपर्यंतच्या घरांपुरती ही अट सैल केली. पण बाजारपेठेच्या गांवीं दहा लाखांत घर किती जणांस मिळतें, तें वाचकांनींच सांगावें. दर उतरला कीं लोक आपण होऊन नोंदणीस येतात, हेंहि अनुभवास आलें आहे. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० ह्या चार महिन्यांत राज्य सरकारनें मुद्रांकाचा दर तीन टक्क्यांनीं उतरविला, तेव्हां मुंबईंत डिसेंबरांत नोंदणीच्या कचेऱ्यांत एकच रीघ लागली. जें मुंबईच्या सदनिकांसाठीं करतां आलें तें गांवच्या चार खणांच्या घरांसाठीं करतां येऊं नये कां?

कोणी म्हणेल, सरकारचा महसूल बुडेल. मुद्रांक व नोंदणी हें राज्याच्या उत्पन्नाचें एक मोठें अंग आहे, आणि अधिभारांतून जिल्हा परिषदांस व ग्रामपंचायतींस वांटा मिळतो, हें आम्ही विसरलेलों नाहीं. परंतु जो दस्त आज नोंदलाच जात नाहीं त्याचा पूर्ण दर सरकारास कागदावरच मिळतो. अर्ध्या दरानें नोंदलेला दस्त तिजोरींत कांहीं टाकील, आणि कोर्टांतील दाव्यांचा भार कांहीं हलका करील.

सबब आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, राहत्या घराच्या पहिल्या खरेदीस मुद्रांकाच्या पायऱ्या असाव्या, ठराविक किंमतीपर्यंत तो नाममात्र असावा, आणि नोंदणी फीची घट मोठ्या घरापासून काढून लहान घरास द्यावी. दुसरी, पूररेषेच्या आंतील घर सोडून वर जाणाऱ्या कुटुंबास ‘सलोखा’प्रमाणें हजार रुपये मुद्रांक व हजार रुपये फी एवढ्यांत खरेदी नोंदवूं द्यावी. ताब्याचें जुनें भांडण मिटावें म्हणून सरकार जी सवलत देतें, ती मनुष्याचा जीव वांचावा म्हणून देण्यास हरकत नसावी. पुराच्या प्रत्येक वर्षीं नावा, छावण्या व मदत ह्यांवर जो खर्च होतो त्याच्यापुढें ही सूट जड वाटूं नये. तिसरी, बाजाराच्या मोठ्या गांवीं दुय्यम निबंधकाचा महिन्यांतून एक मुक्काम असावा. १८७९ सालीं गांवनिबंधकाची कल्पना ज्यांस सुचली त्यांच्याजवळ ना संगणक होता, ना बोटाचा ठसा घेणारें यंत्र. आज तीं दोन्ही एका पेटींत मावतात.

सरकार ऐकेपर्यंत आपण स्वस्थ बसावें असें मात्र नव्हे. बी-बियाणें व खतें ह्यांसाठीं आपल्या सभासदांस संघ जशी मदत करतो, तशीच घराच्या व्यवहारांत करूं शकतो. मुद्रांकाचा हिशेब आधींच काढून देणें, विश्वासू वकिलाकडून शोध घेववून देणें, आणि नोंदणीपुरतें अल्प मुदतीचें कर्ज गांवच्या सोसायटीकडून मिळावें म्हणून खटपट करणें, एवढें झालें तरी पुष्कळ घरें आडवाटेपासून वांचतील. ज्यांच्या घरीं आज नोटरीचा कागद आहे त्यांनीं विकणारा हयात आहे तोंवर, येत्या पावसाळ्याची वाट न पाहतां, त्याचें रीतसर खरेदीखत करून घ्यावें. तो मनुष्य आज समोरच्या ओट्यावर बसलेला असेल. उद्यां त्याची सही कोठूनहि आणतां येणार नाहीं.